शिवेवरची तार

ग्लाफिरा सावेल्येव्नाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. युद्धात चारला. युद्धानंतर टपाल-तार कार्यालयात चोवीस वर्षं काढली, तेव्हाही चारला. निवृत्तीनंतर उठून करण्यासारखं काही नव्हतं, तरी चारला उठून ती चुलीशी बसायची. शेजारणी म्हणायच्या, बाईला झोप नाही. झोप उत्तम होती. चारला तार तपासायची असते, एवढंच कारण.

मी तिच्याबरोबर सैन्यात दीड वर्ष तार ओढली आणि नंतर आमच्या तालुक्यात खांबांवर चढउतार केली. इथे लिहितो आहे त्यातलं बहुतेक मी पाहिलेलं आहे.

१९४३च्या नोव्हेंबरात ती आमच्या तुकडीत आली तेव्हा बावीस वर्षांची होती. त्याआधी व्याझ्माच्या बाजूला लिननच्या गिरणीत रिळं भरायच्या कामावर होती. जर्मन मागे हटताना गिरणी जाळून गेले. काम नाही, घर नाही, म्हणून ती भरती झाली. कुप्रियान काका आमच्यात सगळ्यात वयस्क, मूळचा लोहार. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "ही काय तार ओढणार? हिलाच रिळावर गुंडाळली तर अर्धं रीळ रिकामं राहील."

"उरलेल्या जागेत तुमच्या मिशा गुंडाळू, काका," ती म्हणाली. "जागा वाया कशाला घालवायची?"

एका रिळावर अर्धा किलोमीटर तार. वजन सोळा किलो. पाठीवर एक, हातात एक, शिवाय टेलिफोनची पेटी, बंदूक, फावडं. पहिला माणूस तार सोडत चालतो, दुसरा ती झुडपांवर उचलून ठेवतो, तिसरा बांधतो. तार एकेरी. विजेची परतीची वाट जमिनीतून, म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खुंटी ठोकायची. थंडीत जमीन कोरडी पडली की खुंटीवर मुतायचं, आवाज स्पष्ट होतो. ग्लाफिरा अशा वेळी पाठ फिरवून म्हणायची, "करा, सरकारी काम आहे."

तिची तार वेगळी ओळखू यायची. दर शंभर पावलांना हातभर ढील सोडलेली असायची, कारण तुटली तर जोडायला लांबी लागते. घाईत हे कोणी करत नाही. ती करायची. तिने मारलेल्या जोडावरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते समजत नसे. गुंडाळताना शेवटचा मीटरही सोडायची नाही. एकदा गोठलेल्या ओढ्यात अडकलेल्या वीस मीटरसाठी तिने दोन तास बर्फ फोडला. मी म्हणालो, "वीस मीटरसाठी?" ती म्हणाली, "झाखार, वीस मीटर कुणीतरी बनवलेत."

त्या हिवाळ्यात आम्ही ओर्शाच्या पूर्वेला होतो. आमच्या फ्रंटने तिथे पाच-सहा वेळा चढाई केली आणि दर वेळी एक-दोन खेडी घेऊन आम्ही थांबलो. फ्रंट म्हणजे चार-पाच सैन्यांचा मिळून एक कारभार, आणि आमचा फ्रंट फार पसरलेला होता. चढाया का फसल्या ते मोठ्या लोकांनी नंतर लिहिलं. आम्हाला ते तारेवरून कळत होतं. फ्रंटचं मुख्यालय इतकं मागे होतं, की तिथून निघालेला हुकूम सहा ठिकाणी थांबत, सहा ठिकाणी उतरवून घेतला जात यायचा. सकाळी सातला गोळे टाकायचे हा हुकूम साडेसहाला पोहोचायचा. मग तोफांना शोधाशोध, गोळे मागे राहिलेले, पायदळ मात्र वेळेवर उठलेलं.

आमच्या सैन्याची डावी कड एका दलदलीला टेकत होती. दलदलीपलीकडे दुसरं सैन्य, त्याच फ्रंटचं. दोन सैन्यांमधली ही शीव. तार टाकणाऱ्यांचा एक नियम असतो: शत्रूकडे तोंड करून उभं राहायचं, वरच्याने खालच्यापर्यंत तार न्यायची, आणि उजवीकडच्याने डावीकडच्या शेजाऱ्यापर्यंत. उजवीकडचे आम्ही. म्हणून दलदलीतून पलीकडे जाणारी तार आमची, आणि आमच्यात ती ग्लाफिराची.

तिने ती मागून घेतली होती. कारण पलीकडच्या टोकाला, शेजाऱ्यांच्या पहिल्या बटालियनमध्ये, तिचा भाऊ देम्यान टेलिफोनवर बसायचा. तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. आई-बाप टायफसने गेले, घर जळलं. उरलेली दोघं, आणि मध्ये तीन किलोमीटर तार.

दलदलीचा ओला भाग सव्वा किलोमीटर. आमची सरकारी तार पाण्यात आठवड्यात कुजायची. ग्लाफिराने महिनाभर जर्मनांनी टाकून दिलेल्या तारेचे लांब तुकडे जमवले. त्यांचं रबर चांगलं. ओल्या भागात तिने फक्त तीच तार घातली, आणि सव्वा किलोमीटरात फक्त तीन जोड ठेवले. तिन्ही डांबरात बुडवून, आल्डरच्या झाडांच्या बुंध्यांवर पाण्याच्या वर बांधलेले.

तारेवर खरी नावं घ्यायची नसतात. त्या मोसमात आमचं नाव "मुळा" आणि पलीकडचं "कोबी". पहाटे चारला ती टेलिफोनचा दांडा फिरवायची.

"कोबी, मी मुळा. तपासणी."

"मुळा, मी कोबी. आवाज ठीक. काय शिजवलंत?"

"फालतू बोलू नकोस. बार्लीची पेज."

"इथेही तीच. एकाच पातेल्यातून वाढतात वाटतं."

एवढंच. जास्त बोलायला बंदी होती. पण दोघांना कळायचं की दुसरं जिवंत आहे. दिवस मग नेहमीसारखा सुरू.

मार्चमध्ये बर्फ वितळू लागला तेव्हा पुन्हा चढाई झाली. देम्यानची बटालियन ठरल्यापेक्षा लवकर पुढे गेली आणि तिथल्या एका जळक्या गिरणीची टेकडी तिने नऊ वाजता घेतली. आमच्या बाजूच्या जड तोफांना त्याच टेकडीवर अकराला गोळे टाकायचे होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी तारेवर देम्यान आला. मी ग्लाफिराच्या शेजारी होतो. आवाज खोलीतल्यासारखा स्पष्ट.

"मुळा, टेकडीवर आपण आहोत. तोफा थांबवा."

तिने तोफखान्याच्या मेजरला रिसीव्हर दिला. मेजरने ऐकलं, लिहून घेतलं, आणि म्हणाला, "तोफा माझ्या नाहीत. फ्रंटच्या आहेत. वरून हुकूम आल्याशिवाय थांबवता येत नाहीत." आणि त्याने वर फोन लावला. तो खोटं बोलत नव्हता. निरोप डिव्हिजनला गेला, तिथून कोअरला, तिथून सैन्याला, तिथून फ्रंटला. फ्रंटने पलीकडच्या सैन्याला विचारलं, टेकडी खरंच घेतली का. त्या सैन्याने खाली विचारलं. "थांबवा" असा हुकूम आमच्याकडे एक वाजून वीस मिनिटांनी आला. तोफा अकराला सुरू होऊन साडेअकराला आपसूक थांबल्या होत्या.

टेकडीवर आपल्याच गोळ्यांनी सतरा माणसं मेली. देम्यान वाचला. त्याचा डावा कान कायमचा गेला.

ग्लाफिरा त्या दिवशी तार तपासायला निघाली आणि पूर्ण तीन किलोमीटर हाताने चाचपून आली. एकही दोष नव्हता. परत आल्यावर कुप्रियान काकाने तिला चहा दिला. ती म्हणाली, "काका, तार चांगली होती."

"होती, पोरी."

"मग?"

त्याने साखरेचा खडा तिच्या कपात टाकला, स्वतःचा.

एप्रिलच्या अखेरीस आमच्या फ्रंटचे दोन फ्रंट झाले. मॉस्कोहून माणसं येऊन चौकशी करून गेली होती. फ्रंटच्या मोठ्या साहेबाला हटवल्याचं आम्हाला स्वयंपाक्याकडून कळलं. उजवीकडची सैन्यं एका नव्या फ्रंटमध्ये, डावीकडची दुसऱ्यात. वाटणी नेमकी आमच्या दलदलीवरून झाली. सगळ्यांची नावं बदलली, आणि हुकूम आला, की शेजाऱ्यांकडे जाणारी तार गुंडाळून आणा. ती जुन्या फ्रंटच्या आराखड्यातली होती. नवा आराखडा यायचा होता.

आमचा लेफ्टनंट वेरेश्चाक. वय तेवीस, पण विचारलेलं ऐकून घेणारा.

"कॉम्रेड लेफ्टनंट," ग्लाफिरा म्हणाली, "गुंडाळली तर पलीकडे तार कोण टाकणार?"

"आराखडा येईल तेव्हा ज्याच्या वाट्याला येईल तो."

"उजवीकडचे आम्हीच आहोत ना अजून? आमच्याच वाट्याला येणार."

"तेव्हा टाकू."

"मग गुंडाळायची कशाला?"

"हुकूम आहे म्हणून, द्रोबिश." द्रोबिश हे तिचं आडनाव.

कुप्रियान काका बाहेर येऊन म्हणाला, "छान झालं. आधी स्वतःचे गोळे थांबवायला फ्रंटपर्यंत विचारावं लागायचं. आता दोन फ्रंट, म्हणजे मॉस्कोपर्यंत. तिकडे जेवणाची सुट्टी असली तर संपलंच."

गुंडाळायला पलीकडच्या टोकापासून सुरुवात करतात. मी, काका आणि ग्लाफिरा सकाळी दलदल ओलांडून गेलो. देम्यान मातीच्या भुयारातून बाहेर आला. चार महिने रोज बोलत होते, पण भरती झाल्यापासून समोरासमोर पहिल्यांदा. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच. तिने त्याचा डावा कान धरून आत पाहिलं, घोड्याचा खूर बघावा तसं.

"काही दिसतंय का?" त्याने विचारलं.

"मळ."

"मग उजवीकडून बोल. तिकडे अजून लोक राहतात."

त्यांना दहा मिनिटं मिळाली. तो म्हणाला, "आता आपण वेगळ्या राज्यांत, ग्लाशा. तुझं सरकार वेगळं, माझं वेगळं."

"पेज कशाची, ते कळवत जा."

"कशाने? कबुतराने?"

तिने खुंटी उपटली आणि आम्ही गुंडाळत निघालो. कोरड्या जमिनीवरची तार तिने नेहमीसारखी गुंडाळली, पुसत, जोड बघत. दलदलीच्या काठाला आल्यावर थांबली. पहिल्या आल्डरजवळ तिने तार कापली, टोक डांबराने बंद केलं, बुंध्याला खाली बांधून पाण्यात सोडलं. मग शेजारच्या बर्चच्या झाडाच्या खोडावर सुरीने आडव्या दोन खुणा केल्या.

काका म्हणाला, "हे काय?"

"गाळात रुतलीय. ओढून निघत नाही."

काकाने तारेकडे पाहिलं. आम्ही कोणीच ओढून पाहिलेली नव्हती. तो म्हणाला, "खरंच की. फार रुतलीय."

तीच तार मध्ये आल्डरांवर पाण्याच्या वर होती, तीही तिने ठिकठिकाणी खाली दाबली. अलीकडच्या काठावर येऊन दुसरं टोक तसंच बंद केलं, तशीच खूण केली. लेफ्टनंटला तिने तेच वाक्य सांगितलं. त्याने मान हलवली. जर्मन तार कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून कोणी काही विचारलं नाही. पण मी तिचं तोंड पाहिलं. वीस मीटरसाठी बर्फ फोडणारी बाई सव्वा किलोमीटर तार सोडून आली होती आणि वर खोटं बोलली होती. त्या रात्री तिने जेवण अर्धं ठेवलं. चुकीचं काम चुकीचंच असतं, कारण काहीही असो. असं ती मला नंतरही म्हणाली. तरी ते तिने केलं.

मे महिना उजाडला तसं आम्हाला नव्या फ्रंटची चाल कळू लागली, पुन्हा तारेवरूनच. नवं मुख्यालय पुढे आलं. सैन्यापासून तिथपर्यंत आधी सहा थांबे होते, आता दोन. आमच्याच तुकडीची निम्मी तार मोकळी झाली. एका जनरलला सांभाळायला कमी सैन्यं, म्हणून तो ती बघायला यायचा. एकदा आमच्या रिळाशी उभा राहून विचारून गेला की पावसात कितव्या दिवशी कुजते. आधीच्या सहा महिन्यांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जड तोफा आधी सगळ्यांना थोड्याथोड्या वाटलेल्या असायच्या. आता त्या मोजक्या ठिकाणी जमू लागल्या. पायदळ मागे नेऊन दलदलीतून फळ्यांवरून चालायला शिकवत होते. हुकूम तीन-तीन दिवस आधी येऊ लागले. काम वाढलं, पण वाया जाणारं कमी झालं. काम करणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

फक्त शिवेबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. प्रत्येक फ्रंट आपलं घर नीट लावत होता आणि दोघांच्या मधली भिंत कुणाचीच नव्हती. ग्लाफिरा चारला उठायची, इतर तारा तपासायची, आणि मग दलदलीकडे बघत पाच मिनिटं उभी राहायची. देम्यान आहे की नाही ते तिला दोन महिने माहीत नव्हतं.

जूनच्या एकवीस तारखेला दुपारी वेरेश्चाक धावत आला. "द्रोबिश! दोन्ही फ्रंटनी ठरवलंय. शिवेवर तोफखान्याचा एकेक अधिकारी बसणार, आमचा इथे, त्यांचा तिथे. आपसांत बोलून तोफा थांबवायचा, वळवायचा अधिकार त्यांना. वर विचारायचं नाही. तार उजवीकडच्याने टाकायची. उद्या दुपारपर्यंत."

"तीन किलोमीटर?" मी म्हणालो. "दलदलीतून? दोन दिवस लागतील. ओल्या भागाला तार कुठे आहे?"

ग्लाफिरा सावधान उभी राहिली. "कॉम्रेड लेफ्टनंट, ओला भाग टाकलेला आहे."

"म्हणजे?"

"एप्रिलमध्ये मी खोटं सांगितलं. तार रुतलेली नव्हती. मी ठेवली."

वेरेश्चाक तिच्याकडे बघत राहिला. हुकूम मोडण्याबद्दल काय होऊ शकतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"चालेल का ती?"

"जोड तीन आहेत. मी मारलेले."

"मग इथे काय उभी आहेस?" तो म्हणाला. "आणि जे बोललीस ते मी ऐकलं नाही. तोफांच्या आवाजाने माझेही कान गेलेत."

बर्चवरच्या दोन खुणांत चीक वाळून पिवळा झाला होता. टोक जिथे बांधलं तिथेच मिळालं. डांबर खरवडलं तर आत तांबं चकचकीत. दोन्ही बाजूंचा कोरडा भाग टाकायला आम्हाला संध्याकाळ आणि दुसरी सकाळ लागली. बावीसला अकरा वाजता पलीकडच्या भुयारात टोक पोचलं. टेलिफोनवर एक अनोळखी शिपाई होता. नवी नावं पाकिटात होती. आम्ही "हातोडा", ते "कंदील". ग्लाफिरा आमच्या टोकाला होती; पलीकडे मी गेलो होतो. मी शिपायाला विचारलं, "देम्यान द्रोबिश?"

"कोबीवाला? झोपलाय. त्याची पाळी पहाटे."

मी तारेवर काही बोललो नाही. खासगी निरोपाला बंदी होती. आणि खरं सांगतो, तिने स्वतः ऐकावं असं मला वाटलं.

तेवीस तारखेला पहाटे चारला तिने दांडा फिरवला.

"कंदील, मी हातोडा. तपासणी."

पलीकडे रिसीव्हर उचलल्याची खरखर. मग: "हातोडा, मी कंदील. आवाज ठीक." आणि जरा थांबून, "कोबी इथे आता पिकत नाही. पेज मात्र तीच."

ती म्हणाली, "फालतू बोलू नकोस." आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

धुकं विरल्यावर तोफा सुरू झाल्या. हिवाळ्यात आम्ही अशी तोफांची गर्दी एकदाही ऐकली नव्हती. पहिल्या दिवशी आम्ही थोडं पुढे गेलो, दुसऱ्या दिवशी बरंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तार गेली. ग्लाफिरा आणि मी निघालो. दलदलीअलीकडे आपल्याच रणगाड्यांनी रस्ता बदलून आमच्या तारेवरून जाऊन तिचे दोन तुकडे केले होते. एक टोक चिखलात ओढलं गेलं होतं. इतर कोणाची तार असती तर मधला तुकडा आणायला परत जावं लागलं असतं. हिची ढील सोडलेली होती. दोन्ही बाजूंनी ढील ओढून घेतली आणि टोकं भेटली. तिने जोड मारला, मी दांडा फिरवला. एकूण सात मिनिटं.

जोडाला डांबर लावायच्या आत तारेवर देम्यानचा आवाज आला. आम्ही मध्येच पेटी लावलेली असल्यामुळे दोघांनी ऐकला.

"हातोडा, ओल्खोव्का खेडं आपण घेतलंय. पूर्वेकडची घरं आपली. तुमच्या तोफा वळवा."

मार्चमध्ये जे वाक्य होतं, जवळपास तेच. ग्लाफिराने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांचा डांबराचा डाग माझ्या बाहीवर नंतर कधीच निघाला नाही. तारेवर आमच्या बाजूचा अधिकारी म्हणाला, "कंदील, कोण बोलतंय? तुमचा मेजर द्या." त्यांचा मेजर आला. दोन वाक्यं बोलला. आमचा अधिकारी म्हणाला, "कळलं. थांबवतो." वर कोणालाच विचारलं नाही.

मी घड्याळ पाहिलं होतं. देम्यानच्या पहिल्या शब्दापासून तोफा गप्प होईपर्यंत अकरा मिनिटं. मार्चमध्ये चार तास दहा मिनिटं लागली होती. फ्रंटचे दोन केल्याने काय झालं, असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. बाकीचं ज्यांनी नकाशे पाहिले त्यांनी सांगावं.

तीन दिवसांनी ओर्शा घेतलं. दोन्ही फ्रंट पश्चिमेला आपापल्या वाटांनी गेले आणि शीव दूर सरकली. ग्लाफिराने वेरेश्चाककडे एक दिवस मागितला, दलदलीतली तार गुंडाळायला.

"कुठली तार?" वेरेश्चाक म्हणाला. "ती एप्रिलमध्येच रुतलीय. गाडीत चढ."

ती तार अजून तिथेच असेल. ग्लाफिराला ते शेवटपर्यंत खटकायचं.

देम्यान पुढच्या हिवाळ्यात जखमी होऊन परतला, पण परतला. युद्धानंतर ग्लाफिरा आमच्या तालुक्याच्या टपाल-तार कार्यालयात लागली, खांबांवर. तिने लग्न केलं नाही. देम्यानला सामुदायिक शेतीच्या मधमाश्या सांभाळायचं काम मिळालं. त्याचं घर जंगलाच्या कडेला, गावापासून चार किलोमीटर आत. बायको वारली, मुलगी शहरात. मग त्याला छातीचा त्रास सुरू झाला. एका जानेवारीत वादळाने रस्ता नऊ दिवस बंद होता. दहाव्या दिवशी ग्लाफिरा स्कीवर त्याच्याकडे पोहोचली तेव्हा तो उठून चहा करत होता. तिने त्याला शिव्या दिल्या आणि परत येऊन अर्ज केला.

कार्यालयाने सांगितलं, टेलिफोनची ओळ शेतीच्या कचेरीपर्यंतच जाते. पुढे एका घरासाठी खांब टाकता येणार नाहीत. खांब आणि तार स्वतःच्या खर्चाने उभी केलीत तर जोडून देऊ.

तिने सात वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले. सुट्टीच्या दिवशी ती करवतीच्या गिरणीवर जाऊन ओंडके निवडायची, सरळ, गाठी नसलेले, आणि बुडाला स्वतः डांबर लावायची. देम्यान म्हणाला, "ग्लाशा, मध विकून निम्मं मी देतो."

"पश्चिमेला तोंड कर," ती म्हणाली.

त्याने केलं.

"माझं घर कुठे?"

"उजवीकडे."

"आणि तुझं?"

तो हसायला लागला. "कळलं. डावीकडच्याने हात लावायचा नाही."

१९६९च्या उन्हाळ्यात मी, ती आणि कार्यालयातले दोन निवृत्त गडी मिळून सोळा दिवसांत ओळ उभी केली. खड्डे दीड मीटरचे. एका खड्ड्यात दगड लागला तेव्हा मी म्हणालो, सव्वा मीटर पुरे. तिने कुदळ माझ्या हातून घेतली. मग मीच तो पुरा केला.

देम्यानने तिला सांगून ठेवलं होतं की पहिला फोन जेवणानंतर कर, मी नीट कपडे घालून बसतो. तिने पहाटे चारला केला. मी तिच्या स्वयंपाकघरात बाकावर झोपलेलो होतो, आवाजाने उठलो.

"माणूस आहेस की कोंबडा?" पलीकडून तो ओरडला. तो उजव्या कानाने ऐकत होता, तरी ओरडत होता.

"तपासणी," ती म्हणाली. "आवाज ठीक?"

"ठीक."

"पेज कशाची?"

"बार्लीची. आता झोपू दे."

ऐंशी खांब, सव्वाचार किलोमीटर तार आणि एक काळा टेलिफोन. तिच्या चोवीस वर्षांच्या पगारातून जे काही उरलं होतं ते सगळं यात गेलं. ओळ मी दर वर्षी तपासतो. दर शंभर पावलांना ढील आहे.